मॅटॅडोरमागची लाल गाडी

तसं बघायला गेलं तर आमचे हे आजही संपावर आहेत. हसू नका. संप सुरू कधी झाला ते सगळ्या जगाला माहीत आहे. मिटला कधी, ते कोणी तरी सांगा मला! गिरणीच्या गेटवर येऊन 'झालं बाबांनो, आता घरी जा' असं कोणी म्हणालंच नाही. मग माणसं आपली आपण पांगली. कोणी भाजीची गाडी लावली, कोणी गावाला जाऊन दुसऱ्याच्या कलमांची राखण करायला लागलं, कोणी गुत्त्यात जाऊन बसलं ते उठलंच नाही. आणि आमचे हे, रघुनाथ घाडी, साचे खात्यातले, म्हणजे मागांवरचे, पक्के कामगार, माहीमच्या कोळणींची मॅटॅडोर चालवायला लागले.

मॅटॅडोर गुणवंतीची. गुणवंती कोळीण म्हणजे अंगावर सोनं, तोंडात शिव्या आणि मनात लोणी. तिच्या नवऱ्यानं गाडी घेतली आणि वर्षभरात तो गेला. गाडी दारात उभी. तिनं ह्यांना मासळी बाजारात विचारलं, "गाडी चालवशील का रं? जमल?"

"जमेल," हे म्हणाले.

जमत नव्हती! कधी सायकलसुद्धा धड चालवली नव्हती. पण हा ह्यांचा जन्माचा रोग. कोणी काही विचारलं की आधी 'जमेल' म्हणून मोकळं व्हायचं, मग रात्रभर आढ्याकडे बघत पडायचं. गाडी शिकले, नाही असं नाही. शिकताना नायगावच्या एका भिंतीचा कोपरा गेला, तो अजून गेलेलाच आहे.

मग रोजचा धंदा सुरू झाला. पहाटे भाऊच्या धक्क्यावरून कोळणी आणि त्यांच्या टोपल्या भरायच्या, दादर-माहीमच्या बाजारात उतरवायच्या, गाडी धुवायची आणि दिवसभर मिळेल ते भाडं मारायचं. धुवून धुवून गाडीचा रंग गेला, वास काही गेला नाही. एकदा एका नवरदेवाला सोडायला गेले, तर भटजींनी नाकाला उपरणं लावून मंगलाष्टकं म्हटली.

सासूबाईंना हे सगळं मंजूरच नव्हतं. मीराबाई घाडी! दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण जीभ चाकूसारखी. कोणी विचारलं की मुलगा काय करतो, तर छाती काढून सांगायच्या, "गिरणीत आसा. सध्या संप चालू हा." सहा वर्षं झाली तरी 'सध्या'च. मॅटॅडोरला त्या 'कोळणींची वरात' म्हणायच्या.

एकच गाडी चालवणं त्यांना पसंत होतं. वर्षातून एकदा, चाळीचा गणपती परळच्या कारखान्यातून आणायचं. तो मान संपानंतर ह्यांच्याकडे आला होता. मूर्ती मॅटॅडोरमध्ये बसवून, तोंडावर रुमाल घालून, हे गाडी पहिल्या गिअरमध्ये आणायचे. सासूबाई चाळीच्या तोंडाशी निरांजन घेऊन उभ्या. देव ओवाळून झाला की चाचपडत ह्यांचं तोंड दोन्ही हातांत धरायच्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायच्या, "माझ्या रघून देव हाडल्यान!" चाळिशीतला बाप्या माणूस, पण आईनं 'रघूनं देव आणला' म्हणावं, तेवढ्यासाठी वर्षभर वाट बघायचा. मी डोळ्यांनी बघितलंय म्हणून सांगते.

आणि मग गाऱ्हाणं. आम्हा घाड्यांकडे गावाला गाऱ्हाण्याचा मान. देवासमोर उभं राहून सगळ्यांच्या वतीनं मागणं मागायचं आणि बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणत री ओढायची. सासरे गेल्यावर चाळीत तो आवाज सासूबाईंनी उचलला. बाईमाणसानं गाऱ्हाणं घालावं का, म्हणून दोन म्हातारे कुरकुरले. त्यांना म्हणाल्या, "मगे तुमी घाला. दम आसा?" संपल्या तक्रारी. दर वर्षी मागणं एकच: गिरणी चालू कर.

त्या वर्षी मंडळाचा अध्यक्ष झाला रामू. नवीन पोरगा, नवीन मिशी. श्रावणातच येऊन सांगून गेला, "रघूकाका, यंदा मूर्ती उंच आहे. मॅटॅडोरमध्ये नाय बसायची. ट्रक सांगितलाय. तुम्ही आता आराम करा."

आराम! सहा वर्षं आरामच तर चालला होता आमचा!

हे त्या रात्री जेवले नाहीत. मला एवढंच म्हणाले, "अंबिका, गिरणी गेली ती गेली. आता हेही गेलं, तर आयेला मी कोण म्हणून तोंड दाखवू?" मला रामूच्या त्या मिशीचा असा राग आला म्हणून सांगू!

पण देव कुठून वाट काढतो बघा. ऑपेरा हाउसच्या बाजूला एक गॅरेजवाला आहे, सगळे त्याला उस्तादच म्हणतात. मॅटॅडोर आजारी पडली की हे तिला त्याच्याकडे न्यायचे. त्याच्या अंगणात एक ट्रेलर पडलेला ह्यांनी बघितला. सपाट, लांब, चार चाकांचा. ह्यांचे डोळे चमकले. मूर्ती कितीही उंच असू दे, ट्रेलरवर उभी राहील आणि ट्रेलर मॅटॅडोर ओढेल!

उस्ताद म्हणाला, "रविवारी ह्याच्यावर एका बड्या माणसाची गाडी चढवून परळला पोचवायची आहे. माझा टेम्पोवाला पळाला. तू पोचव, मग दिवसभर ट्रेलर तुझा. जमेल?"

सांगायला नको काय म्हणाले ते.

रामूनंही मान डोलावली, पण कशी, तर उपकार केल्यासारखी. "रविवारी दिवेलागणीच्या आत ट्रेलर कारखान्याच्या दारात दिसला तर मान तुमचा, काका. नाय दिसला तर ट्रक निघाला."

आता गंमत ऐका. त्याच रविवारी गुणवंतीची भुलेश्वरची खरेदी होती. गणपतीच्या आधी ती आणि तिच्या पाचसहा कोळणी दर वर्षी मॅटॅडोर घेऊन भुलेश्वरला जातात. गाडी तिची, तिला नाही कोण म्हणणार? ह्यांनी तिलाही 'जमेल' म्हणून ठेवलं होतं. मी विचारलं, "अहो, दोन्ही कसं जमेल?"

"माणसं पुढे, गाडी मागे. एकाच फेरीत दोन्ही. त्यात काय!"

लक्ष ठेवायला कोणी तरी हवं म्हणून मीही बसले.

भुलेश्वरमध्ये कोळणींनी काय काय घेतलं विचारू नका. हार, तोरणं, समया, गौरीचे मुखवटे. आणि गुणवंतीनं घेतलं थर्माकोलचं मखर! माणसाएवढं उंच, वरती कळस. मॅटॅडोरच्या दारातून ते आत जाईना. उभं करून बघितलं, आडवं करून बघितलं, त्याला शिव्या देऊन बघितल्या. शेवटी छपरावर धरून फणसवाडीतून कसंबसं गॅरेजपर्यंत आणलं.

तिथे ट्रेलरवर गाडी चढवून ठेवलेली होती. लाल भडक, बुटकी, दोन माणसांची, वरून उघडी. छप्पर फाटलं होतं म्हणून उस्तादानं काढून टाकलं होतं, इंजिनही अजून धड नव्हतं. पण हॉर्न चालतो हे दाखवायला त्यानं हौसेनं तो दाबला. साधा हॉर्न नव्हता तो, चार सुरांत केकाटणारा.

ह्यांचा चेहरा पांढरा पडला.

मीही तो ओळखला. तो हॉर्न आमच्या चाळीत कोण विसरेल? संपाचे पहिले दिवस होते. माणसं सवयीनं डबा घेऊन गेटवर जाऊन बसायची. एका दुपारी गेट उघडलं आणि हीच लाल गाडी तो हॉर्न वाजवत सुसाट बाहेर आली. गाडीत आमच्या मालकाचा मुलगा, छोटे शेठ. ब्रेक म्हणून लावला नाही मेल्यानं! माणसांनी उड्या मारल्या म्हणून वाचली. ह्यांचा डबा रस्त्यावर राहिला, त्याची चपाती झाली. सासूबाईंनी तो चेपलेला डबा फेकू दिला नाही आणि नवा घेऊ दिला नाही. "गिरण चालू होयसर नवो डबो नको," म्हणाल्या. तेव्हापासून आमचे हे भाकरी फडक्यात बांधून न्यायला लागले.

"ही गाडी मी ओढणार नाही," हे म्हणाले.

"मग रामूचा ट्रक," मी म्हटलं.

ह्यांनी ट्रेलरभोवती एक फेरी मारली. मग उस्तादाला विचारलं, "परळला कुठे न्यायची?"

"गिरणीतच. शेठ तिथे ठेवतात गाड्या. आत मोकळी जागा आहे ना भरपूर."

"मोकळी कशी असेल? आत साचे आहेत."

उस्तादानं खांदे उडवले. ह्यांनी वाकून ट्रेलरचा हूक मॅटॅडोरला अडकवला. "गाडीला कुठे माहीत असतं ती कोणाची आहे ते," असं काहीतरी पुटपुटले. मला नाही, स्वतःलाच सांगत होते.

तोवर गुणवंतीला मखराची जागा सापडली होती. गाडी उघडीच, मग दिलं ते सीटवर उभं करून! उस्ताद म्हणाला, शेठच्या गाडीवर धूळ नको. म्हणून त्यानं लग्नाच्या हॉलमधला जुना सोनेरी पडदा काढला आणि गाडी, मखर सगळ्यावरून पांघरून दोरीनं आवळला. गाडी दुरुस्त होऊन चालली म्हणून पुढे लिंबू-मिरची आणि झेंडूचा हार. कोळणींचे बाकीचे हार चुरगळतील म्हणून तेही पडद्यावरच. मी मागे जाऊन एकदा बघितलं. वर कळसाचं टोक, खाली रुंद, मध्ये फुगीर, अंगभर हार. मला वाटलं, अगं बाई! पण बोलले नाही. माझंच चुकलं असेल म्हटलं.

माझं काही चुकत नव्हतं. सात रस्त्याला एका माणसानं चपला काढल्या आणि मॅटॅडोरमागे हात जोडले. पुढच्या नाक्यावर ट्रॅफिक हवालदारानं दोन बसगाड्या थांबवून आम्हाला वाट दिली आणि टोपी सरळ करून नमस्कार केला. हे आरशात बघत म्हणाले, "आज लोक फार चांगले वागतायत."

"अहो, लोकांना वाटतंय गणपती आहे!"

"वेडी की काय तू!"

चिंचपोकळीचा पूल आला. मॅटॅडोर निम्म्या चढावर गेली आणि घरघरून थांबली. पुढे आठ बायका, मागे शेठची गाडी. तिनं तरी किती ओढावं? क्लचचा जळका वास सुटला. "उतरा गो पोरींनो," गुणवंती ओरडली. कोळणी उतरल्या. डोक्यावर समया, हातात तोरणं, आणि ट्रेलरला खांदे लावून ढकलायला लागल्या. होडी पाण्यात ढकलताना ताल धरतात तसा ताल धरला. एक सांगणार, बाकीच्या 'हो' म्हणणार.

आता तुम्हीच सांगा. गणपती आठवड्यावर आलेले. त्या पुलावर तोंड झाकलेलं, हार घातलेलं काहीतरी उंच ट्रेलरवर उभं आहे आणि काष्ट्याच्या लुगड्यातल्या बायका गात ते ढकलतायत. माणसांनी दुसरं काय समजायचं?

पुलाच्या पायथ्याशी ढोलांचा सराव चालला होता. ते पथक धावत आलं. "बाप्पा आला रे! कुठल्या चाळीचा?" मी डोळे वटारले, पण गुणवंतीनं माझ्याकडे बोट दाखवून आमच्या चाळीचं नाव ठणकावून सांगून टाकलं. मागून मला म्हणते, "ढकलाया माणसं भेटली ना? मंग गप ऱ्हा की!"

ढोल सुरू झाले. गुलाल आला. कोणीतरी ट्रेलरवर नारळ फोडला, त्याचं पाणी शेठच्या बॉनेटवर. हे गाडीतून अर्धे बाहेर आले आणि ओरडायला लागले, "अरे थांबा! हा गणपती नाय! गाडी आहे, गाडी!"

एका म्हाताऱ्यानं ह्यांच्या पाठीत धपाटा घातला. "सणासुदीचं काय बोलतोस रे? प्यालायस?"

"अहो, पडदा काढून दाखवतो!"

झालं! चारजणांनी ह्यांचा हात धरला. प्रतिष्ठापनेच्या आधी देवाचं तोंड उघडणार? बापजन्मात कोणी केलंय का असं? ह्यांना कळून चुकलं. पडदा काढल्याशिवाय खरं कळणार नाही, आणि लोक पडदा काढू देणार नाहीत. मी म्हटलं, "बसा मुकाट्यानं. गिरणीच्या गेटवर वळवा, आत गेलो की सुटलो."

सूर्य कलायला लागला होता. हे एक डोळा आभाळाकडे, एक रस्त्याकडे ठेवून चालवत होते. कपाळावरून घाम गळत होता.

गिरणीचं गेट दिसलं. उघडं होतं. दारात वॉचमन आणि त्याच्या बाजूला पांढऱ्या बुटांत स्वतः छोटे शेठ, गाडीची वाट बघत. आम्ही वळलो. वॉचमननं बघितलं ते काय, तर ढोल, आरडाओरडा आणि दोनएकशे माणसं गेटवर चाल करून येतायत. त्याच्या आयुष्यात एवढी माणसं त्या गेटवर एकदाच आली होती. "मोर्चा!" असं किंचाळून त्यानं धाडकन गेट लावून घेतलं. शेठ मात्र बाहेरच राहिले!

गर्दीला थांबायचं नव्हतंच. तिनं ट्रेलर सरळ केला आणि आमच्या चाळीची वाट धरली. मी मागे बघते तर छोटे शेठ धावतायत. "मेरी गाडी! रोको!" ढोलांत कोणाला ऐकू जाणार? लोकांना वाटलं, काय भक्ती आहे माणसाची! कोणी त्यांच्या तोंडाला गुलाल फासला, कोणी हात धरून नाचवलं. पांढरे बूट गुलाबी झाले. शेठ सुटायला बघायचे, पुन्हा कोणीतरी त्यांना मध्ये ओढायचं.

चाळीशी पोचलो तर सगळी चाळ खाली. रामू कमरेवर हात ठेवून उभा. "काका, परस्पर मूर्ती घेऊन आलात? मंडळाला न विचारता?" ह्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. कारण समोर सासूबाई होत्या. अंगावर ठेवणीतलं पातळ, हातात निरांजन, आणि तोंडावर असा आनंद की मलाच रडू फुटलं. कोण सांगणार त्यांना?

त्यांनी ओवाळलं. ढोल थांबले. हात जोडून त्यांनी खणखणीत आवाज लावला:

"बा गणराया, म्हाराजा! ह्या गिरणगावातली तुझी लेकरा आज तुझ्या पायाकडे उभी रवली हत, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" दोनशे माणसं.

"माझ्या झिलाची गिरण बंद पडली हा. कोणाची नजर लागली असात, कोणाचा काय चुकला असात, ता तुझ्या पोटात घाल, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"मालकाक बरी बुद्धी दी, आणि माझ्या झिलाक परत साच्यार उभो कर, रे म्हाराजा!"

"व्हय म्हा..."

तेवढ्यात गर्दीतून एक गुलाबी माणूस घुसला आणि त्यानं पडदा खस्सकन ओढला.

लाल गाडी. सीटवर थर्माकोलचं रिकामं मखर. बॉनेटवर नारळाची करवंटी.

"मेरी गाडी है!" तो गुलाबी माणूस धापा टाकत म्हणाला. साचे खात्यातला एक म्हातारा पुढे आला, त्यानं गुलालाखालचं तोंड निरखलं. "छोटे शेठ," तो म्हणाला. ते नाव मागच्या माणसापर्यंत गेलं. कोणाच्या तरी हातात फोडायचा नारळ होता, तो हात हळूहळू वर जायला लागला.

आमचे हे मध्ये जाऊन उभे राहिले. "माझ्या ट्रेलरवर आहे तोवर गाडीला नाय आणि शेठलाही नाय, कोणी हात लावायचा नाय." जागचे हलले नाहीत.

"कोण रे तो, रघू?" सासूबाईंनी विचारलं. त्यांना लालभडक एक ढग दिसत होता, बाकी काही नाही.

"आये... गिरणीचे मालक आलेत. छोटे शेठ."

सासूबाईंनी निरांजन वर धरलं. "देवा रे! आताच मागलंय आणि आताच धाडलंस?" म्हणाल्या. चाचपडत पुढे झाल्या, शेठच्या कपाळाला कुंकू लावलं, डोक्यावर अक्षता टाकल्या आणि लेकराला विचारावं तसं विचारलं, "गिरण चालू करशीत मा रे, बाबा?"

आणि सगळ्या गर्दीच्या तोंडून, काय सांगू, नुसत्या सवयीनं एकदम निघालं, "व्हय म्हाराजा!"

शेठनं डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, त्या नारळाकडे बघितलं. "हो," म्हणाले. "हो, महाराज. चालू. सब चालू."

सहा वर्षं मोर्चे निघाले, पुढारी भेटले, मंत्री भेटले, मालकाच्या तोंडून 'हो' कोणाला काढता आला नव्हता. तो आमच्या सासूबाईंनी एका निरांजनावर काढला. आधी एकजण हसला, मग सगळी चाळ हसायला लागली. नारळवाला पोट धरून खाली बसला. सासूबाईंना वाटलं लोक आनंदानं हसतायत. त्याही हसल्या.

हे मात्र हसले नाहीत. आभाळाकडे बघत म्हणाले, "शेठ, गाडी उतरवून घेतो. ट्रेलर मला हवाय." शेठ कुठे नाही म्हणतात! दहा-बाराजणांनी फळ्या लावून गाडी खाली घेतली. ती चालू होईना, म्हणून साचे खात्यातले म्हातारेच ती ढकलत गिरणीकडे घेऊन गेले. स्टिअरिंगला छोटे शेठ, कपाळावर कुंकू.

रामूचा ट्रक? तो आमच्याच मिरवणुकीच्या गर्दीत पुलापलीकडे अडकून पडला होता. रामू माझ्याकडे न बघता म्हणाला, "काका, जावा तुम्हीच."

आणि ह्यांनी देव आणला. दिवेलागणीला, पहिल्या गिअरमध्ये, ट्रेलरवर उभा करून, तोंडावर रुमाल घालून. मागे चालायला मी आणि कोळणी, बस. ढोलवाले थकून घरी गेले होते, गुलाल संपला होता. वाटेत एकानं विचारलं, "आता ह्याच्यात काय आहे, फ्रिज?"

सासूबाई तेवढ्या चाळीच्या तोंडाशी होत्या. ओवाळलं. ह्यांचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि म्हणाल्या, "माझ्या रघून देव हाडल्यान!" ऐकायला कोणी नव्हतं फारसं. ह्यांना चाललं. ह्यांच्या डोळ्यांना धार लागली होती.

"आये, गाऱ्हाणं घाल," हे म्हणाले.

"आता कित्याक? एकदा मागून झाला, तेणा हो म्हटल्यान. देवाक परत परत इचारू नये."

तेवढ्यात गाडी ढकलत गेलेले म्हातारे परत आले. हे त्यांच्याकडे गेले, हळूच विचारलं, "आत गेलात? माझे साचे बघितलेत? खिडकीकडचे दोन?"

मग त्यातला एक म्हणाला, "साचे नाहीत रे, रघू. एकही नाही. भंगारात गेले. मोकळं आहे सगळं. पारवे आहेत आणि शेठच्या गाड्या आहेत."

हे तिथेच पायरीवर बसले. मागून सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, उद्या-परवा भोंगा होणार म्हणून. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे नुसती मान हलवत होते, सांगू नको, सांगू नको.

दोन दिवसांनी दुपारी बोहारीण आली. मी नळावर होते. परत येऊन बघते तर सासूबाईंच्या मांडीवर नवा कोरा डबा, तीन पुडांचा. त्याच्या बदल्यात त्यांनी काय दिलं, तर ते ठेवणीतलं पातळ, देव ओवाळताना नेसायचं. दुसऱ्या दिवशी अंधारातच त्यांनी ह्यांना हलवून उठवलं. "रघू, ऊठ. पयली पाळी मा तुझी?"

हे उठले. तोंड धुतलं. डबा उचलला, आईच्या पाया पडले आणि भाऊच्या धक्क्यावर गेले.

तेव्हापासून असंच चाललंय. संध्याकाळी घरी आले की सासूबाई नाक वर करून विचारतात, "गिरणीत मासळीचो वास कसो रे?" हे म्हणतात, "नवीन खातं काढलंय, आये." त्या म्हणतात, "तरीच!" चाळीत कोणी एका शब्दानं बोलत नाही. रामूसुद्धा रस्त्यात भेटला की विचारतो, "काका, कुठली पाळी?" मिशी तशीच आहे, पण पोरगा वाईट नाही.

मागच्या पंधरवड्यात सासूबाईंना ताप होता. रात्रभर जागून पहाटे त्यांचा डोळा लागला. त्यांना उठवायला नको म्हणून हे आवाज न करता निघाले आणि डबा विसरले. मी खिडकीतून बघत होते. नाक्यापर्यंत गेले, गुणवंतीच्या बायका धक्क्यावर खोळंबलेल्या, आणि तिथून हे पळत परत आले. मी दारात जाऊन म्हटलं, "अहो, आजच्या दिवस फडक्यातनं नेली असती भाकरी. आई झोपल्यात, कोण बघतंय?"

"डब्याशिवाय गिरणीत कसा जाऊ?" हे म्हणाले.

मी डबा दिला.